चालणारी झाडे

शास्त्रवाचन : मार्क ८:२२–२६, योहान ९:१–३८

बेथसैदाच्या आंधळ्याची हकीकत आपण शब्बाथशाळेत असल्यापासून ऐकत आलो आहोत. तरी ती वाचताना मन एका ठिकाणी अडखळतेच. ज्या प्रभूने एका शब्दाने वादळ शमवले, त्याला ह्या एका माणसाच्या डोळ्यांवर दोनदा हात का ठेवावे लागले? पहिल्या स्पर्शानंतर प्रभू त्याला काही दिसते काय असे विचारतो. तो वर पाहतो आणि सांगतो की माणसे दिसतात खरी, पण ती झाडांसारखी दिसतात आणि चालत आहेत. मग दुसरा स्पर्श होतो आणि त्याला सर्व काही स्पष्ट दिसू लागते. मत्तय व लूक ह्यांनी ही हकीकत दिलेली नाही. ती एकट्या मार्काची आहे.

ह्या उताऱ्यावरील जे संदेश आम्ही ऐकले, त्यांपैकी कित्येकांत त्या माणसाचा विश्वास उणा पडला असे सांगण्यात येई. वचनात तसे एक अक्षरही नाही. दुसरे विवेचन अधिक सबळ आहे. ह्याच अध्यायात डोळे असून न पाहणाऱ्या शिष्यांना प्रभू दोष देतो आणि पुढे लगेच पेत्राची कबुली येते. अर्धवट दिसणारा हा माणूस म्हणजे अर्धवट समजलेले शिष्य, असे अभ्यासक म्हणतात. ते योग्यच आहे. परंतु असे करताना आपण त्या माणसाला दृष्टांतातले बाहुले करून टाकतो. त्याचे डोळे उघडले त्या घटकेला त्याला स्वतःला काय दिसत होते, हे कोणी विचारीत नाही. प्रभूने मात्र नेमके तेच विचारले. चारही शुभवर्तमानांत रोग्यावर हात ठेवल्यावर ‘आता कसे वाटते’ अशी विचारपूस त्याने दुसऱ्या कोठे केल्याचे आढळत नाही.

ह्या विचारपुशीचा अर्थ आपल्या देशातील नेत्रवैद्यकाच्या कामातून पुष्कळ उलगडतो. आरंभ बंगळूरपासून करू. आपल्या कितीतरी पाळकांनी तेथील युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात धर्मशिक्षण घेतले असल्याने हे शहर आपल्याला परके नाही. आणि दृष्टी परत मिळण्याचे जे चित्र आपल्या मनात असते, ते तेथे साऱ्या देशासमोर घडले. २९ ऑक्टोबर २०२१ रोजी कन्नड चित्रपट अभिनेते पुनीत राजकुमार अकस्मात निधन पावले. कुटुंबीयांनी त्यांचे डोळे दान केले. त्यांचे वडील डॉ. राजकुमार ह्यांचे १२ एप्रिल २००६ रोजी निधन झाले तेव्हाही नेत्रदान झाले होते, आणि बंगळूरच्या नारायण नेत्रालयातील नेत्रपेढीला त्यांचेच नाव आहे. त्या रुग्णालयातील डॉ. भुजंग शेट्टी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुनीत ह्यांच्या प्रत्येक डोळ्याच्या पारदर्शक पडद्याचे, ज्याला आपण बोलीत बुबुळ म्हणतो, पुढचा व मागचा असे दोन थर अलग केले. ज्याचा पुढचा थर बिघडला होता त्याला पुढचा, ज्याचा मागचा बिघडला होता त्याला मागचा. अशा रीतीने दोन डोळ्यांनी चौघांना दृष्टी दिली. त्यानंतर नेत्रदानाचे संकल्प करणाऱ्यांची तेथे रीघ लागली.

अशा रोग्यांची पट्टी निघते आणि ते समोरच्या माणसाला ओळखतात. कारण बहुधा त्यांनी पूर्वी पाहिलेले असते. खिडकीची काच धुरकट झाली होती, ती बदलली. घरात बसलेला मनुष्य बाहेरचा रस्ता जाणतच होता. मिरजेच्या मिशन इस्पितळात डॉ. विल्यम वानलेस ह्यांनी ज्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचे मोतीबिंदू काढले, त्यांचीही स्थिती हीच. नातवाला पाहून आजीच्या डोळ्यांत पाणी येत असे, ते तिला नातू म्हणजे काय हे दिसण्यापूर्वीच ठाऊक होते म्हणून.

पण ज्याने जन्मापासून काहीच पाहिलेले नाही, त्याची काच बदलली तर?

हा प्रश्न जुना आहे. आयर्लंडमधील विल्यम मॉलिन्यू ह्या गृहस्थांनी १६८८ मध्ये जॉन लॉक ह्या तत्त्वज्ञाला पत्र लिहून विचारले होते की, जन्मांध मनुष्य हाताने चाचपून गोल व घन ओळखू लागला असेल, तर डोळे आल्यावर हात न लावता, नुसते पाहून, गोल कोणता व घन कोणता हे तो सांगू शकेल काय? लॉकचे मत नकारार्थी होते. मॉलिन्यूंची स्वतःची पत्नी दृष्टी गमावलेली होती, हे लक्षात घेतले म्हणजे हा केवळ विद्वानांचा बौद्धिक खेळ नव्हता असे वाटते.

तीन शतकांहून अधिक काळ लोटल्यावर ह्या प्रश्नाची काटेकोर परीक्षा झाली ती भारतात. अमेरिकेतील एमआयटी ह्या संस्थेत मेंदूचा अभ्यास करणारे प्राध्यापक पवन सिन्हा मूळचे दिल्लीचे. मायदेशी आले असता रस्त्यावर भीक मागणारी मुले त्यांच्या दृष्टीस पडली, आणि त्या मुलांच्या डोळ्यांत मोतीबिंदूची पांढरी झाक होती. जो आजार पाश्चात्त्य देशांत अर्भकावस्थेतच दूर केला जातो, तो येथे गरिबांची मुले आठ-दहा वर्षे, कधी त्याहून अधिक काळ वागवीत असतात. ह्यातून ‘प्रोजेक्ट प्रकाश’ उभा राहिला. दिल्लीच्या दर्यागंज भागातील डॉ. श्रॉफ धर्मादाय नेत्र रुग्णालयात अशा मुलांवर विनामूल्य शस्त्रक्रिया होऊ लागल्या, आणि दृष्टी आल्यावर मेंदू पाहायला कसा शिकतो ह्याचा अभ्यासही सुरू झाला.

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात ८ ते १७ वर्षे वयाच्या पाच मुलांची परीक्षा आहे. शस्त्रक्रियेनंतर ४८ तासांच्या आत त्यांना खेळण्यातल्या ठोकळ्यांसारखे निरनिराळे आकार देण्यात आले. एक आकार पाहून नंतर तोच पाहून ओळखणे त्यांना शंभरात सुमारे ९२ वेळा जमले. हाताने चाचपून पुन्हा हातानेच ओळखणे सुमारे ९८ वेळा. परंतु हाताने चाचपलेला आकार डोळ्यांनी ओळखणे? सुमारे ५८ वेळा. नाणे उडवून उत्तर दिले असते तरी ५० वेळा बरोबर आले असते. म्हणजे डोळा पाहत होता आणि हात जाणत होता, पण दोघांची एकमेकांशी ओळखच नव्हती. त्यातील ज्या मुलांची पुन्हा परीक्षा घेता आली, त्यांची उत्तरे थोड्याच दिवसांत कमालीची सुधारली. ओळख जन्मजात नव्हती, पण व्हायला फार काळही लागला नाही.

सारेच मात्र इतक्या लवकर जमत नाही. ह्याच मंडळींनी २९ वर्षांच्या एका तरुणाचा अभ्यास केला. जन्मापासून त्याच्या डोळ्यांत भिंगच नव्हते. जाड भिंगांचा चष्मा मिळाला तेव्हा त्याच्या डोळ्यांत प्रथम रेखीव जग शिरले. त्याच्यासमोर एकमेकांवर आलेले चौकोन व वर्तुळ ठेवले तर त्याला दोन आकृती दिसत नसत; रेषांनी तुकडे पडलेले तेवढे निरनिराळे आकार दिसत. छायाचित्रात रंगाचा किंवा सावलीचा प्रत्येक पट्टा त्याला वेगळी वस्तू वाटे. वाचकहो, आपण क्षणभर कल्पना करावी. अंगणात काळीपांढरी गाय उभी आहे, तिच्यामागे कुडाची भिंत आहे, तिच्यावर आंब्याची सावली पडली आहे. आपल्याला ‘गाय’ दिसते. नवदृष्टीच्या माणसाला काळे डाग, पांढरे डाग, तपकिरी डाग दिसतात. ह्यातला कोणता डाग गाईचा, कोणता भिंतीचा आणि कोणता कोणाचाच नाही, हे त्याला कोण सांगणार?

त्याला ते सांगते हालचाल. चित्र स्थिर असताना जे तुकडे त्याला जुळवता येत नसत, तेच हलू लागले की एकत्र येत. जे तुकडे एकाच वेळी एकाच दिशेने सरकतात ते एकाच वस्तूचे, एवढे त्याच्या मेंदूला उमगे आणि वस्तू पार्श्वभूमीतून सुटून वेगळी होई. गाय चालू लागली की गाय दिसते. हलणाऱ्या वस्तूंपासून शिकलेले ज्ञान मेंदू हळूहळू स्थिर वस्तूंनाही लावू लागतो, आणि त्यात महिनोन्‌महिने जातात.

आता पुन्हा मार्काकडे वळू. त्या माणसाला झाडांसारखे काहीतरी दिसले. ती झाडे नसून माणसे आहेत हे त्याने कशावरून जाणले? चालत होती म्हणून! चेहरे नाहीत, हातपाय नाहीत, उभे अस्पष्ट खांब. पण ते जागचे हलत आहेत, म्हणून माणसे. आजवर हे वाक्य आपण त्याच्या दृष्टीच्या अपुरेपणाचा पुरावा म्हणून वाचले. खरे पाहता ते एका मनुष्याचे पहिले अचूक निरीक्षण आहे. इतके थोडे दिसत असताना त्याने योग्य निष्कर्ष काढला, आणि जे दिसत नव्हते ते दिसते असे म्हटले नाही. गालीलातील कोणत्याही लेखकाला नवदृष्टीचे हे लक्षण कल्पनेने सुचले असते असे आम्हांस वाटत नाही. कोणीतरी ते त्या माणसाच्या तोंडून ऐकले असले पाहिजे.

तो जन्मांध होता काय? बहुतेक नसावा. झाड कसे दिसते हे त्याला ठाऊक आहे, आणि दुसऱ्या स्पर्शानंतर तो पूर्ववत झाला असा अर्थ मूळ ग्रीक क्रियापदातून निघतो. मूळ भाषेत येथे आणखी एक मौज आहे. ‘वर पाहणे’ आणि ‘पुन्हा दृष्टी येणे’ ह्या दोहोंसाठी ‘अनाब्लेपो’ हे एकच क्रियापद आहे. बेथसैदाच्या माणसाने वर पाहिले तेथे ते आहे, यरीहोच्या बार्तीमयाने जे मागितले तेथेही तेच आहे. पण योहानाच्या नवव्या अध्यायातील मनुष्य तर जन्मापासून आंधळा. ज्याने कधी पाहिलेच नाही, त्याला ‘पुन्हा’ दिसू लागले कसे म्हणावे? तरी योहान त्याच्यासाठीही हेच क्रियापद वापरतो. भाषेची ती केवळ रूढी असेल. आम्हांला मात्र ते वाचताना नेहमी वाटते की दृष्टी ही त्याचीच होती, ती कोठेतरी अडून राहिली होती, आणि ती त्याला परत मिळाली असे योहानाला म्हणायचे असावे.

ह्या जन्मांधाच्या हकीकतीत एक गोष्ट सहज निसटते. प्रभूने चिखल करून त्याच्या डोळ्यांवर लावला आणि त्याला शिलोहाच्या तळ्यावर पाठवले, तेव्हा तो आंधळाच होता. डोळे उघडले ते तळ्यावर. प्रभू तेथे नव्हता. मग शेजाऱ्यांनी त्याची उलटतपासणी केली, परूश्यांनी दोनदा केली, आईबापांनी भीतीने अंग काढून घेतले आणि शेवटी त्याला बाहेर घालवून दिले. आयुष्यातल्या पहिल्या उजेडात ह्या माणसाने काय पाहिले, तर रागावलेले चेहरे. तेही, आपण वर पाहिले त्यावरून, त्याला वाचता येत होते की नाही कोणास ठाऊक. आणि ज्याने बरे केले त्याला तर त्याने पाहिलेच नव्हते. त्याला ठाऊक होते एक नाव, एक आवाज आणि डोळ्यांवर फिरलेली बोटे. पुढे प्रभू त्याला शोधून काढतो व मनुष्याच्या पुत्राविषयी विचारतो, तेव्हा तो कोण, असे हा मनुष्य विचारतो. प्रभूच्या उत्तरात दोन भाग आहेत : तू त्याला पाहिले आहेस, आणि तुझ्याशी बोलत आहे तोच तो. चेहरा आणि आवाज. डोळ्यांनी जे पाहिले आणि कानांनी जे ओळखले होते, ते एकाच माणसाचे आहे हे त्याला सांगावे लागले. ते सांगणाराही तोच होता.

हे सांगणारे कोणी नसेल तर काय होते, ह्याचे एक दुःखद उदाहरण इंग्लंडमध्ये घडले. दहा महिन्यांचा असताना दृष्टी गेलेला एक चर्मकार वयाच्या ५२व्या वर्षी, १९५८-५९ मध्ये, बुबुळरोपणाने पाहू लागला. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ग्रेगरी व जीन वॉलेस ह्यांनी त्याचा वृत्तांत १९६३ मध्ये प्रसिद्ध केला. अंधशाळेत त्याला मोठी इंग्रजी अक्षरे बोटांनी शिकवली होती. ती तो पाहताक्षणीच वाचू लागला. लहान अक्षरे बोटांखाली कधी आली नव्हती, ती वाचता येईनात. जन्मभर काटे चाचपून वेळ पाहिली होती, म्हणून भिंतीवरील घड्याळ त्याला लगेच कळले. संग्रहालयात त्याच्या आवडीचे कातण्याचे यंत्र दाखवले तेव्हा काही उमजेना. मग डोळे मिटून त्याने त्यावरून हात फिरवला, मागे सरून डोळे उघडले, आणि आता हात लावून झाल्यामुळे आपल्याला ते दिसते असे सांगितले. वृत्तपत्रांनी त्याचे कौतुक केले. पण आंधळा असताना जो काठीने धीटपणे रस्ता ओलांडीत असे, तो आता मोटारी दिसू लागल्याने थरथर कापू लागला. रंग उडालेल्या भिंती पाहून तो खिन्न होई. संध्याकाळी दिवा न लावता अंधारात बसू लागला आणि १९६० मध्ये वारला. अंध म्हणून जो मनुष्य कर्तबगार होता, तो डोळस म्हणून अर्धवट ठरला होता.

येथे आपल्या मराठी मंडळीने थोडा अभिमान बाळगावा आणि थोडा विचारही करावा. १९०० च्या सुमारास अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलार्ड ह्यांनी मुंबईत अंधांची शाळा काढली. केडगावच्या मुक्ती मिशनात पंडिता रमाबाईंच्या छायेखाली अंध स्त्रियांसाठी ‘बार्तीमी सदन’ उभे राहिले. त्यांनी बोटांना वाचायला शिकवले. आज शस्त्रक्रिया सुलभ झाली म्हणून ती बोटांची विद्या टाकाऊ झाली असे कोणी समजू नये. वरील चर्मकाराला डोळ्यांनी जे काही वाचता आले, ते अंधशाळेने बोटांना शिकवले होते तेवढेच.

आणि काळाचा प्रश्न राहतोच. प्रोजेक्ट प्रकाशमधील मुलांची दृष्टी उशिरा येऊनही सुधारते, हे मोठे आशेचे वृत्त आहे. पण ती पूर्ण तीक्ष्ण होत नाही, आणि चेहरे ओळखणे पुष्कळांना जडच जाते. जन्मतःच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असेल तर तो पहिल्या सहा-आठ आठवड्यांत काढावा असे नेत्रतज्ज्ञ सांगतात, ते ह्याच कारणाने. ह्या बाबतीत बंगळूरने दाखवलेली वाट अनुकरणीय आहे. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या बाळांच्या दृष्टिपटलावर विकृत रक्तवाहिन्या वाढून काही आठवड्यांतच कायमचे अंधत्व येऊ शकते. अशा बाळांसाठी नारायण नेत्रालयातील डॉ. आनंद विणेकर ह्यांनी २००८ मध्ये ‘किड्रॉप’ हा कार्यक्रम सुरू केला. प्रशिक्षित तंत्रज्ञ कॅमेरा घेऊन कर्नाटकातील जिल्ह्याजिल्ह्यांतील नवजात कक्षांत जातात, बाळाच्या डोळ्याच्या आतील छायाचित्र तेथूनच पाठवतात आणि तज्ज्ञ ते पाहून सल्ला देतात. खेड्यातील बाळंतिणीने ओल्या अंगाने शहर गाठण्याची वेळ त्यामुळे टळते.

जन्मजात मोतीबिंदूचे एक कारण आईला गरोदरपणी झालेला रुबेला, म्हणजे जर्मन गोवर. हा संबंध ऑस्ट्रेलियाचे नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग ह्यांनी १९४१ मध्ये दाखवून दिला. आपल्या देशात गोवर-रुबेला लसीची मोहीम फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झाली, तेव्हा पहिल्याच टप्प्यात कर्नाटक व गोवा होते. ज्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात मोतीबिंदूची तपासणी मोफत होते, त्याचा आरंभ तर फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरला झाला. बाप्तिस्म्यासाठी आणलेले बाळ हाती घेणाऱ्या पाळकांनी व भेटीला जाणाऱ्या बायबल स्त्रियांनी त्याच्या डोळ्यांकडे जरा निरखून पाहावे. बाहुलीत पांढरी झाक, सतत भिरभिरणारी बुबुळे, तीन महिन्यांचे होऊनही आईच्या मुखाकडे न पाहणे, ह्यांतले काहीही आढळल्यास ‘मोठे झाल्यावर पाहू’ असे म्हणू देऊ नये. पांढरी झाक कधीकधी डोळ्यातील कर्करोगाचीही असते. तेथे दिवस मोजावे लागतात.

आणि मंडळीतील एखाद्याला उशिरा दृष्टी आलीच, तर पट्टी काढताना सारे गाव जमवू नये. प्रभूने बेथसैदाच्या माणसाला हाताला धरून गावाबाहेर नेले आणि नंतर घरी पाठवले, गावात जाऊ दिले नाही. ह्याचे कारण अभ्यासक निराळे देतात. पण ज्याने आंधळ्या माणसाचा हात धरून त्याला चालवले, त्याला गर्दीचा गोंधळ कळत नसेल असे आम्हांस वाटत नाही. जवळ जाताना आधी बोलावे, म्हणजे आवाजाला चेहरा मिळेल. तांब्या, चप्पल, भाकरी प्रथम हातात द्यावी व मग दाखवावी. काठी लगेच काढून घेऊ नये. ‘ओळख पाहू मी कोण?’ हा खेळ तर मुळीच करू नये.

लंडनचे शस्त्रवैद्य विल्यम चेसेल्डन ह्यांनी १७२८ मध्ये तेरा-चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत लिहून ठेवली आहे. डोळे आल्यावर घरातले मांजर कोणते व कुत्रे कोणते हे तो पुनःपुन्हा विसरे, आणि सारखे विचारण्याची त्याला लाज वाटू लागली. एके दिवशी त्याने मांजराला पकडले. हाताला ते तत्काळ कळले. मग त्याला धरून तो बराच वेळ त्याच्याकडे टक लावून पाहत राहिला. शेवटी खाली सोडताना त्याने मांजरालाच सांगितले की पुढच्या खेपेस मी तुला ओळखीन.